गेटच्या आतला माणूस

"आधी दिसतं ते सांगा. वाटतं ते नंतर," बाई म्हणाल्या. "आणि एका वेळी एकानेच. फोटोतली माणसं काही पळून जात नाहीत."

वर्ग हसला. मी शेवटच्या बाकावर बसले होते. माझ्या प्रयोगशाळेतली भिंगं इतिहासाच्या बाई नेहमीप्रमाणे घेऊन गेल्या होत्या आणि पुढच्या तासाला मुलांना मिठाचे स्फटिक दाखवायला मला ती हवी होती. खरं तर शिपायाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंचा चित्रांचा तास असला की मी स्वतःच जायची.

फळ्यावर मोठा केलेला एक जुना फोटो टाचलेला होता. आमच्या गावच्या काचकारखान्याचं लोखंडी गेट. कारखाना बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. फोटो त्याच्या फार आधीचा, मोठ्या संपाच्या काळातला. समोरच्या छपरावर चढून कुणीतरी काढलेला, त्यामुळे गेटच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. बाहेर जमिनीवर बसलेली माणसं. आत टोपी घातलेला एक साहेब आणि त्याच्या आजूबाजूला उभी असलेली थोडी माणसं.

"बाहेरच्यांनी डोक्यावर कापड घेतलंय, बाई. ऊन होतं."

"ऊन दिसतंय?"

"सावल्या दिसतायत."

"मग सावल्या म्हण. ऊन आपण सावल्यांवरून ठरवलं."

फळ्यावर तीन रकाने होते. दिसतं, वाटतं, माहीत नाही. तिसरा रकाना सगळ्यात रुंद आखलेला असायचा. तो भरला की बाई खूश व्हायच्या. दुसऱ्या कुठल्या शिक्षिकेला 'माहीत नाही' एवढं आवडताना मी पाहिलेलं नाही.

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. ती वर्गात स्वतःहून कधी उठायची नाही, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बाई, आतला हा डावीकडचा माणूस. चेहरा पुसटलाय, पण याचा एक खांदा खाली आहे. आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलंय."

"छान. अजून?"

"आमच्या घरी एक फोटो आहे. त्यात पण ते असेच उभे आहेत." ती थोडी थांबली. "हे माझे पणजोबा आहेत."

वर्गात कुजबुज झाली, पण ती कौतुकाची होती. इतिहासातला माणूस आपल्यातल्या कुणाचा तरी निघाला होता. शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं. मुलगी चक्क हसली.

मग मागून एका मुलाने विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हिशेब जुळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं. "पण तुझे पणजोबा संपात होते ना? तूच तर सांगायचीस. मग ते गेटच्या आत काय करतायत?"

मुलीने फळ्याकडे पाहिलं. 'दिसतं' या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात पहिलीच ओळ होती: आत मालकाची माणसं, बाहेर संपकरी. तिने ती ओळ वाचली आणि खाली बसली.

बाईंना मुलं पाठीमागे भिंगबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं. "छडीबाई म्हणत नाहीत ना, मग चालेल," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. सडपातळ, कानामागे पेन्सिल, पदराला नेहमी खडूची पूड. नोकरीला लागल्या तेव्हा त्याही आमच्यासारख्याच पुस्तक उघडून धडा वाचत. एका वर्षी पुस्तकातल्या राजाच्या मिरवणुकीच्या चित्राबद्दल एका मुलीने विचारलं, "बाई, राजावर छत्री धरलेल्या माणसाला ऊन लागत नसेल का?" बाईंना उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन त्या ते चित्र रात्रभर बघत बसल्या, असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यांनीच सांगितलं, की जेवून झोपल्या, आणि सकाळी भावजयीला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" भावजय म्हणाली, "त्याला विचारलं कुणी?"

तेव्हापासून त्या चित्रं जमवू लागल्या. जुन्या फोटो-स्टुडिओंतल्या काचेच्या निगेटिव्ह, बंद पडलेल्या दवाखान्यातला परिचारिकांचा फोटो, पुलाच्या बांधकामाचे, पुरात बुडालेल्या बाजाराचे फोटो. भाऊ-भावजयीच्या घरात त्यांना एक खोली होती आणि तिच्यात पलंगाला जेमतेम जागा उरली होती. भाचे म्हणायचे, आत्याच्या खोलीत आत्या सोडून सगळे राहतात.

मी शास्त्र शिकवते. निरीक्षण वेगळं आणि निष्कर्ष वेगळा, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते आणि मुलं दर वर्षी ते वहीत उतरवून विसरतात. बाईंच्या वर्गातली मुलं विसरत नसत. माझ्याकडे परीक्षानळीतलं पाणी निळं झालं की बाकीची मुलं "तांबं आहे" म्हणून मोकळी होत. बाईंची मुलं म्हणत, "निळं झालं." आणि माझ्या तोंडाकडे बघत, की आता ही बाई घाई करते का.

फोटोच्या तासानंतर वर्गात त्या मुलीला 'आतली' हे नाव पडलं. मुलं नाव ठेवतात तेव्हा फार विचार करत नाहीत. चेंडू खेळताना "आतली बाहेर, आतली बाहेर" असं सुरू झालं. मग ती शाळेत यायची थांबली.

तिचे वडील शिक्षकांच्या खोलीत आले, तेव्हा मोठे सर, बाई आणि मी एवढेच होतो. ते बसवर कंडक्टर होते. कामावरून थेट आले होते, अंगावर गणवेश होता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, मी भांडायला नाही आलो. भांडायला मला रोज गाडीत भरपूर माणसं मिळतात."

"बोला ना."

"पोरगी शाळेला निघतच नाही. पोट दुखतंय म्हणते. पोट कसलं दुखतंय ते मला कळतं. आमच्या घरात एवढी एकच गोष्ट आहे हो सांगण्यासारखी. आजोबांनी संपात उपास काढले, पण आत गेले नाहीत. मी लहानपणापासून हेच ऐकलंय. गाडीत कुणी म्हातारं माणूस काचकारखान्याचं बोललं, की मी त्यालाही सांगतो. आता माझीच पोरगी मला विचारते, बाबा, मग ते आत का?"

बाई ऐकत होत्या.

"तुम्ही वर्गात एवढंच सांगा, की तो माणूस ते नाहीत. पोरीची चूक झाली. चेहरा तर दिसतच नाही म्हणे. नुसता धूर."

मोठे सर पुढे झुकले. तसे सज्जन गृहस्थ, पण शाळेच्या दारात पालक उभा दिसला की त्यांना धाप लागे. "बरोबर आहे यांचं. चेहरा हललेला आहे. सांगता येत नाही म्हणा. त्यात खोटंही काही नाही, बाई."

ते खरं होतं. बाईंच्याच पद्धतीने पाहिलं तरी खरं होतं. मला वाटलं, सुटल्या.

बाईंनी कपाटातून फोटो काढून टेबलावर ठेवला आणि भिंग त्यांच्यासमोर सरकवलं. "तुम्ही पाहिलाय का?"

"नाही."

"बघा."

कंडक्टर बराच वेळ बघत होते. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि सरळ उभे राहिले. विचारात पडलेला माणूस उभा राहतो तसे. डाव्या हाताने उजवं मनगट धरून.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. मोठे सर घड्याळ बघत होते. कंडक्टरांची नजर फोटोवरून आपल्या हातांवर गेली. त्यांनी मनगट सोडलं. मग हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"माझे वडील अजून आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांचे वडील ते. त्यांना हे कळलं तर?"

"चेहऱ्यावरून सांगता येत नाही, हे मी वर्गात सांगेन," बाई म्हणाल्या. "पण ते नाहीत, असं नाही सांगणार. मी तिला नीट बघ म्हटलं, तिने नीट बघितलं. सगळ्या वर्गात तिनेच तो खांदा बघितला. आता मी म्हणू, तुझे डोळे चुकले? मग उद्यापासून ती कशाकडे बघेल?"

"बाई, पुस्तकी बोलताय तुम्ही," मोठे सर म्हणाले. "यांच्या घरात काय चाललंय ते बघा."

"तेच बघतेय, सर."

"मग चित्रांचा तास सध्या बंद ठेवू. पुस्तक आहे ना? पुस्तकावरून शिकवा."

"ठेवा बंद. फक्त उद्याचा एक तास द्या. मला एक दुरुस्ती करायची आहे." मग कंडक्टरांकडे वळून म्हणाल्या, "तिला उद्या पाठवा. जबरदस्ती नको. पण पाठवा."

दुरुस्ती म्हटल्यावर दोघांनाही वाटलं, की बाई नमल्या.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या आणि माझ्या उंच स्टुलावर बसल्या. मी दिवसभर मनात जुळवत होते ते सांगून टाकलं. काचेची भट्टी कधी विझू देत नाहीत. विझली तर आतली काच गोठते, विटा तडकतात, सगळी भट्टी पाडून नव्याने बांधावी लागते. संप मिटला तरी मग कामाला जागा उरत नाही. म्हणून संपातही भट्टीपाशी कुणीतरी राहतंच. कधी कधी संपकरीच आपली दोन-चार माणसं आत ठेवतात.

"हे फोटोत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण शक्य आहे."

"शक्य आहे. तिसऱ्या रकान्यात लिहू."

"आणि अजून एक. बाकी सगळे स्थिर आहेत, हा एकटाच हललाय. कॅमेऱ्याची झडप उघडी असताना याची मान वळली. पुसट पट्टा गेटच्या दिशेने आहे. म्हणजे त्याने बाहेर बसलेल्यांकडे बघितलं."

"मान वळली," बाई म्हणाल्या. "कुणाकडे बघितलं ते तुला दिसतंय?"

मला राग आला. "बाई, पोरीला थोडा आधार मिळाला तर काय बिघडतं?"

"अगं, मलाही द्यावासा वाटतो. माझ्याकडे तर तुझ्याहून जास्त युक्त्या आहेत." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "पण मी दिलेला आधार उद्या कुणी काढून घेईल. आणि मुळात खड्डा मीच खणलाय. फळ्यावर काय लिहिलं होतं आठवतं?"

मला आठवेना. त्यांनी सांगितलं तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. खिडकीजवळ, मान खाली घालून. बाईंनी तोच फोटो टाचला आणि तीच ओळ त्याच रकान्यात पुन्हा लिहिली. आत मालकाची माणसं, बाहेर संपकरी.

"यात चूक काय?"

कुणाला सापडेना. बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर चूक शोधायची कुणाला सवय नव्हती. शेवटी, त्या दिवशी प्रश्न विचारणारा मुलगाच उठला. "बाई, मालकाची माणसं हे... हे दिसत नाहीये."

"नाहीच दिसत. कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नाही. ही चूक माझी. दर वर्षी, दर वर्गाला मी हेच लिहीत आले. तुम्हाला ज्या गोष्टीला अडवते, तीच मी सगळ्यात आधी करत होते." त्यांनी ओळ पुसली आणि लिहिलं: आत माणसं उभी आहेत. बाहेर माणसं बसली आहेत. "एवढंच दिसतं. चेहऱ्यावरून आतल्या माणसाची ओळख पटत नाही. उभं राहण्यावरून एकीला पटली. ते आत का होते, माहीत नाही."

मग त्या मुलाला म्हणाल्या, "तुझा प्रश्न चांगला होता. पण तो फोटोला विचारायचा होता. तिला नाही."

मुलगा लाल झाला. मुलीने मात्र मान वर केली नाही. तास संपला. मोठ्या सरांनी चित्रांचा तास बंद केला तो केलाच. बाईंनी रकाने पुसले, फोटो गुंडाळला आणि माझी भिंगं एकेक पुसून परत दिली. मी म्हटलं, राहू द्यात तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, आता कशाला.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी तिघं उभी राहिली. पुढे काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा कोपर धरून ती मुलगी आणि मागे कंडक्टर. बाई माझ्याबरोबर डबा खात होत्या.

"भिंगवाल्या बाई त्या तुम्हीच का?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"मुलं म्हणतात तसं."

"ही माझी नात माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, आजोबा, आधी फोटो बघा, मग आपण बोलू. म्हणजे आता या वयात मलाही वर्गात बसवलं हिने."

"बाबा, तुम्हाला त्रास होईल," कंडक्टर म्हणाले.

"त्रासाचं नंतर बघू. बसायला जागा द्यायला सांग आधी."

खिडकीशी, उजेडात, आम्ही त्यांना बसवलं. बाईंनी फोटो आणला, मी सगळ्यात मोठं भिंग दिलं. त्यांनी ते एकदाच फिरवलं.

"हेच."

"बाबा, नीट बघा. चेहरा तर..."

"बापाला ओळखायला चेहरा लागतो होय रे?"



"आई म्हणायची, भट्टीसाठी राहिले," म्हातारे म्हणाले. आवाज साधाच होता. "असेल. मी लहान होतो, मला ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे, की त्या हिवाळ्यात आमची चूल रोज पेटली. शेजारची पेटत नव्हती. मी दारात बसून जेवायचो. एक दिवस आईने ताटासकट मला आत ओढलं. म्हणाली, दारात बसून जेवायचं नाही."

त्यांनी भिंग मांडीवर ठेवलं.

"संप मिटला, मग आम्ही नदीच्या या बाजूला राहायला आलो. इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. कुणीतरी वडिलांना विचारलं, तुम्ही संपात होतात ना? ते बोलले नाहीत. लोकांनी हो धरलं. मोठा झाल्यावर मीही तेच धरलं. मग याला तेच सांगितलं."

"मी गाडीत लोकांना सांगत फिरत होतो, बाबा."

"फिरत होतास. मला ऐकायला बरं वाटायचं."

कंडक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मुलगी आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी होती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण ती दूरही झाली नाही. बाई काहीतरी बोलतील अशी मी वाट पाहत होते. त्यांनी फक्त फोटो थोडा उजेडाकडे वळवला.

"बाई," म्हातारे म्हणाले, "या बाहेर बसलेल्यांची नावं आहेत का तुमच्याकडे?"

"नाहीत. एकाचंही नाही."

"मग कुणीतरी लिहून घ्या. मी गेल्यावर कोण सांगणार?"

बाईंनी कपाटातून पारदर्शक कागद काढला, फोटोवर पसरला, कडेला चिकटपट्टी लावली आणि स्वतःची पेन्सिल मुलीला दिली. "प्रत्येक डोक्याची बाहेरची रेघ काढ. आजोबा सांगतील ते आत लिही."

म्हाताऱ्यांचं बोट नेमकं जागेवर पडत होतं. "हा फुंकणीवाला. बाटल्या फुंकून फुंकून याचे गाल लोंबायचे. हा त्याचा मेहुणा, याला सगळे पाहुणा म्हणायचे, पाहुणा म्हणून आला तो कायमचा राहिला. हा खोकी ठोकायचा. हा कोंबडा. पहाटे ओरडत सगळ्यांना उठवत कामाला जायचा. खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक."

फोटोच्या त्या तासानंतर मुलगी पहिल्यांदा हसली. "कोंबडाच लिहू?"

"लिही. त्यालाही आवडलं असतं."

कंडक्टर खिडकीपासून परत आले होते. वाकून बघत होते.

बोट एका माणसाजवळ थांबलं. गुडघ्यांभोवती हात घातलेला, डोक्यावरचं कापड भुवयांपर्यंत ओढलेला. "आणि हा..." म्हातारे थांबले. "हा आमच्या शेजारचा. याच्या पोराबरोबर मी गोट्या खेळायचो. त्या हिवाळ्यानंतर ते गाव सोडून गेले. नाव... थांब. आठवतं मला."

मुलीने त्या डोक्याची रेघ काढली आणि आतली जागा मोकळी ठेवली. आजोबा आठवत होते, तोवर तिची पेन्सिल गेटच्या गजांवरून पलीकडे गेली. खाली झुकलेला खांदा, कोपर, धरलेलं मनगट तिने सावकाश गिरवलं. मानेपाशी ती अडली.

"बाई, इथे कड दिसत नाही. रेघ कुठे काढू?"

"दिसते तिथपर्यंतच काढ," बाई म्हणाल्या.

तिने रेघ खांद्यापाशी थांबवली. डोक्याच्या जागी काही काढलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं: पणजोबा.

आजोबांनी ते पाहिलं, मान हलवली. त्यांचं बोट अजून बाहेरच्या त्या माणसावरच होतं. ओठ हलत होते. नाव जिभेवर होतं, येत नव्हतं. डबा तसाच उघडा राहिला होता. मुलीने पेन्सिल पुन्हा त्या मोकळ्या जागेवर आणून धरली आणि आम्ही सगळे थांबलो.